जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन आणि परवानगीचा प्रश्न

(गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रंथालय कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



करवीरनगरीला कलापूर म्हणण्याची प्रथा जुनी आहे, आणि ती निराधार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने संगीतसम्राट अल्लादियाखाँ कोल्हापुरी राहिले आणि त्यांच्या गायकीने महाराष्ट्राच्या संगीताला नवे वळण दिले. १९४६ साली खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. उलट त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेल्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठविण्यात आले आणि आज ते ताऱ्यांमधील पोकळीतून प्रवास करीत आहे. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही; शिष्येचा आवाज मात्र सूर्याचा प्रभाव संपतो त्या सीमेपलीकडे गेला. दोघांत फरक पडला तो एका तबकडीमुळे.

जे मुद्रित झालेच नाही, त्याला इलाज नाही. परंतु जे मुद्रित झाले आणि आज ट्रंकेत, माळ्यावर किंवा देवळाच्या कपाटात पडून आहे, त्याचे काय करावयाचे, हा आजचा विषय होय. गडमुडशिंगीसारख्या गावात अशा वस्तू तीन प्रकारच्या असतात. कोणा हौशी माणसाने जपलेल्या लाखेच्या तबकड्या असतात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावणाऱ्या. शाळेच्या किंवा एखाद्या मंडळाच्या टेपरेकॉर्डरची मोठी रिळे असतात. आणि सर्वांत अधिक असतात त्या कॅसेटी. भजनी मंडळाच्या, सप्ताहातील कीर्तनाच्या, लग्नातील जात्यावरच्या ओव्यांच्या, एखाद्या शाहिराच्या पोवाड्याच्या. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते, पण नीट ठेवली तर शंभर वर्षे टिकते. फितीचे तसे नाही. फितीवरचा चुंबकीय लेप ओलाव्याने चिकट होतो, सुटू लागतो, बुरशी धरतो. आणि फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र व ते दुरुस्त करणारा कारागीर दोघेही दुर्मीळ झाले आहेत. त्यातच २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगेच्या खोऱ्यातील किती घरांतील ट्रंका पाण्याखाली गेल्या, याची आठवण या भागातील लोकांना करून देण्याची आवश्यकता नाही.

मग या सर्वांचे डिजिटल रूपांतर करून ते लोकांसाठी खुले का करू नये? तांत्रिकदृष्ट्या हे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. जुने यंत्र, एक संगणक आणि चिकाटी एवढे पुरते. अडते ते परवानगीपाशी. स्वामित्वहक्क, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला कॉपीराइट, हा शब्द निघाला की निम्मे कार्यकर्ते घाबरून काम सोडतात आणि उरलेले निम्मे सर्व काही बेधडक इंटरनेटवर चढवितात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे: परवानगी ही एकच वस्तू असून ती एकाच मालकाकडून मिळते. प्रत्यक्षात एका गाण्यात अनेक हक्क एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

करवीर तालुक्यातीलच सांगवडे गावी जन्मलेल्या गोविंदराव टेंबे यांचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’ नाटकास टेंबे यांचे संगीत होते, आणि बालगंधर्वांच्या आवाजातील त्यातील पदांच्या तबकड्या पुढे घरोघरी गेल्या. अशी एक तबकडी हाती घेतली, तर तिच्यात पदाच्या शब्दांचा हक्क खाडिलकरांचा, चालीचा हक्क टेंबे यांचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ती काढणाऱ्या कंपनीचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार आज शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रथम प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे. दोन्हींची मोजणी पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. खाडिलकर १९४८ साली निवर्तले. त्यांच्या शब्दांचा हक्क २००८ च्या अखेरीस संपला. टेंबे १९५५ साली गेले; चालीचा हक्क २०१५ च्या अखेरीस संपला. तबकडी त्या काळातील असल्यास तिच्यावरील कंपनीचा हक्क त्याच्याही आधी संपलेला आहे. म्हणजे ती तबकडी आज सर्वार्थाने मोकळी आहे. परंतु २०१० साली कोणी तीच तबकडी लोकांसाठी खुली केली असती, तर कंपनीचा हक्क संपलेला असूनही टेंबे यांच्या वारसांची परवानगी आवश्यक ठरली असती. कंपनीला विचारले, तिने ना हरकत दिली, आता चिंता नाही, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

याउलट ‘गीतरामायण’ पाहा. १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ही छप्पन्न गीते प्रथम प्रसारित झाली. गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत चालू राहील. कोल्हापुरातच जन्मलेले संगीतकार सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चालींचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रण कितीही जुने असो, ते लोकांपुढे ठेवण्यास या दोन्ही हक्कांच्या धारकांची संमती लागेल.

ही साठ वर्षांची मुदत पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनास १९९१ साली पन्नास वर्षे पूर्ण होत असता त्यांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येणार होता. त्या निमित्ताने मुदत वाढविण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सर्वांनाच लागू झाली. तरीही ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत भारतीय कायदा उदार आहे, असेच म्हणावे लागेल. अमेरिकेत १९२३ पूर्वीच्या तबकड्या देखील २०२२ च्या १ जानेवारीपर्यंत मोकळ्या झाल्या नव्हत्या. आपल्याकडे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला, आणि दर नववर्षदिनी आणखी एका वर्षाच्या तबकड्या मोकळ्या होत आहेत.

अडचण अशी की, तबकडी कोणत्या सालची हेच पुष्कळदा समजत नाही. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर साल क्वचित असते. गायकाचे नाव ठळक, कवीचे बारीक किंवा मुळीच नाही. कित्येक कंपन्या बंद झाल्या, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या. ‘यंग इंडिया’ नावाच्या देशी लेबलाच्या तबकड्या अजून कोणाकोणाच्या घरी निघतात. आज त्यासंबंधी पत्र कोणाच्या पत्त्यावर पाठवावे? अशा वेळी तबकडीवर कोरलेला क्रमांक महत्त्वाचा ठरतो. त्या क्रमांकांच्या याद्या संग्राहकांनी मोठ्या कष्टाने तयार केल्या आहेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे कार्य या बाबतीत मोलाचे आहे. लेबल धुऊन, पुसून स्वच्छ करण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये. लेबल हा पुरावा आहे.

हक्कधारक सापडतच नसेल तर काय, याचाही विचार कायद्याने केला आहे. कर्ता मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल, अथवा हक्काचा मालक मिळत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय १९८३ साली प्रथम अप्रकाशित कृतींसाठी झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने प्रकाशित कृतींनाही लागू झाली. परंतु अर्जापूर्वी देशाच्या बहुतांश भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऐकण्याचे काम पूर्वी स्वामित्वहक्क मंडळाकडे होते, २०१७ पासून ते बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले आणि २०२१ साली ते मंडळही बरखास्त होऊन विषय न्यायालयांकडे आला. ‘ड’ वर्गाच्या अनुदानावर चालणाऱ्या गावच्या ग्रंथालयाने एका भजनाच्या कॅसेटीसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी आणि न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहारात टिकणारी नाही. तरतूद चांगली आहे, पण ती मोठ्या संस्थांच्या मापाने बेतलेली आहे, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

याचा अर्थ तोवर हात बांधून बसावे असा मात्र नाही. जतन करणे आणि प्रसार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या गोष्टीला कायदा आडवा येत नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात एखाद्या कृतीची मूळ प्रत आधीच असेल, तर जतनासाठी तिचे इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण करणे हा हक्कभंग नव्हे, असे २०१२ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. यातील ‘आधीच असेल’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून दात्याकडून कॅसेट आली की ती प्रथम ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढवावी, दात्याची सही घ्यावी, क्रमांक द्यावा आणि मगच तिची प्रत काढावी. बाजारातील चोरून काढलेल्या नकली कॅसेटींना या तरतुदीचे संरक्षण मिळेल, असे समजू नये. १९८० नंतरच्या काळात अशा कॅसेटींचा सुळसुळाट होता. तसेच ही प्रत साठवणीची आहे, इंटरनेटवर ठेवण्याची नव्हे. शाळांनाही थोडी मोकळीक आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढाच श्रोतृवर्ग असेल, तर ध्वनिमुद्रण ऐकविण्यास परवानगीची गरज नाही. इतिहासाच्या किंवा मराठीच्या तासाला जुना पोवाडा ऐकविणाऱ्या शिक्षकाने मनात धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता गावच्या स्वतःच्या कॅसेटींकडे वळावयाचे. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. बालगंधर्वांची तबकडी मोकळी झाली, पण शेजारच्या आळीत १९८५ साली कोणी भरलेली भजनाची कॅसेट मोकळी नाही, आणि नुसत्या कालावधीने ती मोकळी होणारही नाही. कारण ध्वनिमुद्रणाच्या हक्काची साठ वर्षे मोजली जातात ती प्रथम प्रसिद्धीपासून. जी कॅसेट कधी विकली गेली नाही, प्रसृत झाली नाही, तिच्या बाबतीत मोजणीला प्रारंभच होत नाही. हा हक्क असतो ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी पत्करून ते मुद्रण केले त्याचा. म्हणजे त्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन देवळात बसलेल्या तरुणाचा, जो आज बहुधा आजोबा झाला आहे. तुकोबांच्या अभंगावर कोणाचा हक्क नाही. पण कोणा स्थानिक कवीने रचलेले भारूड किंवा पोवाडा त्या कॅसेटीत असेल, तर त्याचा हक्क आहे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा आहे.

शेतीच्या बाबतीत असा प्रश्न आला तर तलाठ्याकडे जाऊन सातबाराचा उतारा काढता येतो. गाण्याला सातबारा नाही. स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नसल्यामुळे गावच्या गाण्याचा मालक कोठल्याही दप्तरात सापडणार नाही. तो सापडेल तो गावातील माणसांच्या आठवणीत. आणि ही आठवण असलेली माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मोठ्या कंपनीला पत्र लिहिण्यात वर्ष गेले तरी बिघडत नाही. गावातील या परवानग्यांना मात्र उशीर परवडणारा नाही, आणि नेमक्या त्याच मागावयाचे राहून जाते; कारण ‘आपलीच माणसे, त्यांना काय विचारावयाचे?’ ही भावना.

गाणाऱ्यांचा हक्क हा त्यातला आणखी एक पदर आहे. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ मध्ये अंमलात आली, तेव्हा सादरकर्त्या कलावंताला भारतीय कायद्यात प्रथमच स्वतःचा हक्क मिळाला. प्रारंभी तो पंचवीस वर्षांचा होता, १९९९ साली पन्नास वर्षांचा झाला. कायद्यातील सादरकर्त्याची व्याख्या मोठी वाचनीय आहे. तीत गायक, वादक, नट, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही आहे, व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे कीर्तनकार बुवांनाही त्या व्याख्येत जागा आहे. २०१२ पासून तर सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, असा आग्रह धरण्याचा अधिकारही कलावंतास मिळाला आहे. लोककला सर्वांची, म्हणून लोककलावंताचे नाव घेण्याचे कारण नाही, ही जुनी सवय कायद्यालाही आता मान्य नाही.

या बाबतीत महाराष्ट्रात एक थोर उदाहरण घडले आहे. पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. पुढे हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संस्थेच्या द्वारे लोकांसाठी खुला झाला. ओवी कोणाच्या मालकीची नाही, असे म्हणून काम भागविता आले असते. परंतु तेथे गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, अनेकींची छायाचित्रे आहेत. संग्राहक मंडळी त्या बायांना पुन्हा जाऊन भेटली आहेत. पहाटेच्या अंधारात, दुसरे कोणी ऐकत नाही या विश्वासाने सासर-माहेरचे सुखदुःख जात्याला सांगितलेले असते. ते जगापुढे ठेवताना त्या बाईला विचारणे हे केवळ कायद्याचे कलम नव्हे. एखादी ओवी नणंदेच्या नावानिशी असते आणि ती नणंद गावातच राहत असते. अशी ओवी ग्रंथालयात जपावी, पण इंटरनेटवर ठेवू नये, असे कोणी म्हटले तर ते ऐकले पाहिजे.

परवानगीपत्र कसे असावे, याविषयी विचारणा वारंवार होते. ते साध्या मराठीत, एका पानाचे असावे आणि सही घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. कोणत्या प्रसंगाचे मुद्रण, अंदाजे तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायले कोणी, साथ कोणाची, यंत्र कोणी चालविले, हे सर्व त्यात यावे. परवानगी कशासाठी, हे वेगवेगळे लिहावे: ग्रंथालयात बसून ऐकण्यास, शाळेत वाजविण्यास, इंटरनेटवर ठेवण्यास. एकास होकार आणि दुसऱ्यास नकार देण्याची मोकळीक माणसाला असली पाहिजे. मुदत आणि प्रदेश मात्र विसरून चालणार नाही. लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. पाच वर्षांनी सर्व वृद्धांच्या घरी पुन्हा फेरी मारण्याची वेळ येऊ नये म्हणून ‘हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी’ आणि इंटरनेटसाठी संमती असेल तर ‘जगभर’ असे स्पष्ट लिहावे. हक्क ग्रंथालयाच्या नावे करून देण्याचा आग्रह धरू नये. वापराची परवानगी पुरेशी आहे. उद्या कोणी या गाण्याचा व्यापारी उपयोग करू म्हटले, तर पैसा कलावंताच्या घरी जावा, ग्रंथालयाच्या नव्हे.

कर्ता हयात नसेल तेव्हा काम नाजूक होते. वारस चौघे असतील तर हक्क चौघांचा. थोरल्याने सही केली म्हणून धाकट्या दोघांचे आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे म्हणणे संपत नाही. जमिनीच्या वाटणीत जी बहीण विसरली जाते ती गाण्याच्या परवानगीतही विसरली जाते, हा अनुभव नवा नाही. पंचायतीने आपले वजन येथे वापरण्यासारखे आहे. तिने परवानगी द्यावयाची नाही, कारण तो तिचा अधिकार नव्हे. परंतु वारसांचा शोध आणि त्यांना एकत्र बसविणे हे काम सरपंच व सदस्य जितक्या सहजतेने करू शकतील, तितके शहरातील कोणतेही अभिलेखागार करू शकणार नाही.

ज्या कॅसेटींवर काहीच लिहिलेले नाही, त्यांच्यासाठी एक सोपी रीत आहे. आधी त्यांची साठवणीची प्रत काढून घ्यावी. मग ग्रंथालयात एखाद्या दुपारी गावातील जुन्या भजनी मंडळींना आणि आजीबाईंना बोलावून ती ऐकवावी. पखवाजाच्या थापेवरून वादक ओळखणारे लोक अजून आहेत. कोण काय म्हणाले ते शिक्षकांनी जवळ बसून वहीत टिपून घ्यावे, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. ओळख पटली, तर परवानगीपत्र घेऊन त्याच संध्याकाळी त्या घरी जावे. ओळख पटली नाही, तर कॅसेटीवर तसा शेरा लिहून ती कपाटात ठेवावी आणि पुढच्या दुपारी दुसऱ्या आळीतील माणसे बोलवावीत.